भिंतीआडचे माळी

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील जमीनदारांच्या वाड्यांभोवती ज्या बागा फुलल्या त्यांची वर्णने आणि चित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. त्या बागांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबणाऱ्या माळ्यांचे आयुष्य कसे होते, हे जाणून घ्यायचे तर मात्र बराच शोध घ्यावा लागतो. तो शोध मी जमेल तसा घेत आले आहे. गुहागरला सासरच्या नारळी-पोफळीच्या आगराची व्यवस्था माझ्याकडे आल्यापासून झाडांइतकीच झाडे राखणारी माणसेही मला महत्त्वाची वाटू लागली आणि त्या ओढीनेच मी या परदेशी माळ्यांपर्यंत पोचले. त्यांच्याकडे जमीन नव्हती, राहते घरही स्वतःचे नव्हते, आणि तरीही त्यांच्या हातची विद्या आज त्यांच्या नावानिशी वाचायला मिळते. हे कसे घडले, याविषयी हा लेख आहे.

मोठ्या बागेत माळ्याचे शिक्षण बहुधा बाराव्या ते चौदाव्या वर्षी, कुंड्या धुण्यापासून सुरू होई. मातीच्या शेकडो कुंड्या हिवाळ्यातल्या थंडगार पाण्यात घासून काढायच्या, फुटलेल्या कुंड्यांच्या खापऱ्या आकाराप्रमाणे बारीक करून ठेवायच्या, वाफ्यांच्या कडा साफ करायच्या आणि मोठ्यांनी सांगितलेली सगळी कामे उलट न बोलता करायची, अशी त्या मुलाची पहिली दोन-तीन वर्षे जात. कुंड्यांची मापेही त्याला पाठ करावी लागत. ठरावीक मातीच्या गोळ्यातून जितक्या कुंड्या घडत, त्या आकड्यानेच ती कुंडी ओळखली जाई. म्हणून ‘साठ’ म्हटले की हातात मावणारी लहान कुंडी आणि ‘बत्तीस’ म्हटले की तिच्यापेक्षा बरीच मोठी, हे त्या मुलाला झोपेतही सांगता यावे लागे.

मुलगा टिकला आणि हुशार निघाला तर पुढे तो उमेदवार माळी होई, आणि मग त्याची भटकंती सुरू होई. एका बागेत साधारण दोन-एक वर्षे काढायची, तिथल्या मुख्य माळ्याकडून चांगल्या वर्तणुकीचे पत्र घ्यायचे आणि दुसऱ्या परगण्यातल्या बागेत रुजू व्हायचे. कारण एका ठिकाणी द्राक्षे उत्तम होत असत, दुसऱ्या ठिकाणी ऑर्किडचा संग्रह असे, तर तिसऱ्या ठिकाणी अननसाची काचघरे असत, आणि मुख्य माळी होऊ पाहणाऱ्याला हे सारे आले पाहिजे अशी अपेक्षा होती. या काळात लग्न करण्याची सोय नसे. अविवाहित माळ्यांना राहायला बागेतच एक सामाईक बिऱ्हाड मिळे, आणि त्या बिऱ्हाडाची जागा मला फार बोलकी वाटते. भाजीफळांच्या बागेभोवती उंच भिंत असे. तिच्या उत्तरेकडच्या बाजूला, आतून, म्हणजे दक्षिणेचे ऊन जिथे दिवसभर पडते तिथे, द्राक्षांची आणि पीचची काचघरे टेकवलेली असत. त्याच भिंतीच्या पाठीमागे, जिथे ऊन जवळजवळ पोचत नसे तिथे, भट्टीची खोली, अवजारांची खोली, आणि त्यांच्याच रांगेत या तरुण माळ्यांच्या खोल्या. उन्हाची बाजू फळांना आणि सावलीची माणसांना, अशी ती वाटणी होती.

कोकणातल्या वाचकाला ही भिंत नीट समजावून सांगायला हवी. आपला जांभ्याचा गडगा गुरे अडवतो आणि हद्द दाखवतो. त्याच्यावर सूर्याची उष्णता साठवण्याची जबाबदारी कोणी टाकलेली नाही, कारण उष्णता आपल्याकडे मागूनही कमी होत नाही. इंग्लंडमध्ये मात्र पीच, अंजीर, जर्दाळू ही फळे उघड्यावर नीट पिकत नसत, म्हणून विटांची भिंत दिवसभर तापवून घ्यायची आणि तिच्याशी सपाट पसरवून बांधलेल्या झाडाला ती ऊब रात्री मिळू द्यायची, अशी ही योजना होती. वसंतात मोहोर आला की बाहेर मधमाश्या फिरकण्याइतकी ऊब नसे. अशा वेळी काठीच्या टोकाला बांधलेले सशाचे शेपूट एका फुलावरून दुसऱ्या फुलावर फिरवून माळी परागीकरण करी.

अननसाची हकिगत तर आपल्या लोकांना खरीही वाटणार नाही. आपल्या आगरात पोफळीच्या सावलीत, बांधाच्या कडेला अननस लावला की तो आपल्या आपण वाढतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहतही नाही. इंग्लंडात त्याच फळासाठी कातडे कमावण्याच्या कारखान्यांतून ओकच्या सालीचा वापरलेला भुसा गाड्या भरभरून आणत आणि खोल खड्ड्यांत भरत. तो कुजताना जी मंद उष्णता निघे तिच्यात अननसाच्या कुंड्या गळ्यापर्यंत पुरून ठेवत. एक फळ मिळायला दोन ते तीन वर्षे लागत. भुशाची ऊब उतरली की तो उपसून नवा भरायचा, पाणी किंचित जास्त झाले तर मुळे कुजायची, कमी झाले तर फळ खुरटायचे, आणि हे सगळे करून तयार झालेला अननस पाहुण्यांसमोर मेजावर शोभेसाठी मांडला जाई. काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाला तेव्हा काचघरे पुष्कळ स्वस्त झाली आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढली. काचघरे वाढली म्हणजे भट्ट्या वाढल्या, आणि भट्ट्या वाढल्या म्हणजे रात्रपाळ्या वाढल्या, हे मात्र त्या वैभवाच्या वर्णनांत सहसा येत नाही. कडाक्याच्या थंडीत पाणी तापवणाऱ्या भट्टीत रात्रीतून अनेकदा कोळसा घालावा लागे. ज्याची पाळी असे तो पोरगा झोपी गेला आणि विस्तव विझला तर सकाळपर्यंत वर्षांची मेहनत काळी पडे आणि त्या पोराची नोकरीही जाई.

द्राक्षांवरची मेहनत याहून नाजूक होती. घड भरू लागला की बारीक टोकाच्या कात्रीने त्यातले कित्येक मणी एक-एक करून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. पण हे करताना मण्यांना बोट लागता कामा नये, कारण बोट लागले की सालीवरची पांढुरकी लव पुसली जाते आणि असा घड वाड्यावर पाठवता येत नाही. शिडीवर मान वर करून, काचेखालच्या उकाड्यात, दिवसचे दिवस हे काम चाले. शरद ऋतूत घड लांब देठासकट कापून, तो देठ पाणी आणि कोळशाचा तुकडा घातलेल्या बाटलीत खोचून, अंधाऱ्या आणि गार खोलीत ओळीने ठेवत. असे घड कित्येक महिने ताजे राहत. मालक मेजवान्या-समारंभांच्या हंगामात लंडनला गेले की ही फळे आणि भाज्या पेट्यांत भरून रेल्वेने तिकडे जात. ज्याने ती वाढवली त्याच्या ताटात ती येणार नाहीत, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असे. काचघरांत मावा पडला की दारे-खिडक्या बंद करून आत तंबाखूची पाने जाळत, आणि तो धूर आधी माळ्यांच्याच छातीत जाई.

या व्यवस्थेत वर चढलेल्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध नाव जोसेफ पॅक्स्टनचे आहे. बेडफर्डशायरमधल्या मिल्टन ब्रायन या गावी, शेतकरी कुटुंबात, १८०३ साली त्याचा जन्म झाला. चिझिकला हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत काम करत असताना डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकने त्याला हेरले आणि १८२६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमले. तिथल्या पहिल्या सकाळची हकिगत त्याने स्वतः सांगून ठेवली आहे. पहाटे साडेचारला तो पोचला, दार उघडायला कोणी नव्हते म्हणून फाटकावरून चढून आत गेला, सारी बाग पाहिली, सहा वाजता माणसांना कामाला लावले, आणि मग घरव्यवस्था पाहणाऱ्या बाईंकडे न्याहारीला गेला असता त्यांच्या भाचीशी त्याचे मन जडले. तिच्याशीच पुढे त्याचे लग्न झाले. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाचा स्फटिक महाल त्यानेच योजला, आणि काच व लोखंड यांचे त्याचे सारे ज्ञान काचघरे बांधता बांधता आलेले होते.

पॅक्स्टनबद्दल मला आदर आहे, परंतु चॅट्सवर्थच्या आणखी तीन माळ्यांची नावेही त्याच दमात घ्यावीत असे मला वाटते. जॉन गिब्सन या तरुण माळ्याला १८३५ मध्ये दुर्मिळ झाडे आणण्यासाठी हिंदुस्थानात पाठवण्यात आले. खासी टेकड्यांत हिंडून त्याने ऑर्किड गोळा केली आणि ब्रह्मदेशातल्या अ‍ॅमहर्स्टिया या अतिशय देखण्या फुलझाडाचे रोप डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी शोधलेल्या बंद काचपेटीतून १८३७ मध्ये जिवंत घरी नेले. ते झाड चॅट्सवर्थला कधी फुललेच नाही. त्याच जातीचे दुसरे झाड १८४९ साली लंडनजवळ ईलिंगला एका हौशी बाईंच्या काचघरात फुलले. गिब्सन निदान सुखरूप परतला. पीटर बँक्स आणि रॉबर्ट वॉलेस या दोघांना त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची झाडे आणायला पाठवले, आणि १८३८ साली कोलंबिया नदीत होडी उलटून दोघेही बुडाले. मालकाच्या बागेत सुचिपर्णी झाडे यावीत म्हणून आपला मुलगा दूरच्या नदीत बुडाला, ही बातमी त्या दोन घरांत कशी पोचली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बहुसंख्य माळ्यांच्या वाट्याला परदेशही आला नाही आणि कीर्तीही आली नाही. मुख्य माळी होईपर्यंत वनस्पतींची लॅटिन नावे, जमिनीची मोजणी, नकाशे काढणे, हिशेब ठेवणे हे सारे त्याला आत्मसात करावे लागे, तेही दिवसभराच्या कामानंतर, मेणबत्तीच्या उजेडात. एवढे शिकलेल्या माळ्यापेक्षा अक्षरशत्रू गवंड्याला दुप्पट मजुरी मिळते, अशी तक्रार जॉन क्लॉडियस लाउडन याने १८२६ मध्ये सुरू केलेल्या आपल्या माळ्यांसाठीच्या नियतकालिकातून केली होती. पुढे बागा वाढल्या, प्रतिष्ठा वाढली, पण पगाराची ती तफावत लवकर भरून निघाली नाही. मुख्य माळ्याला राहायला घर मिळे खरे, परंतु ते नोकरीशी बांधलेले. मालक वारला, वारसाने खर्च कमी केला किंवा कोणाची मर्जी फिरली, की नोकरीबरोबर छप्परही जाई आणि पन्नाशीतल्या माणसाला पुन्हा जाहिराती चाळाव्या लागत. त्या जाहिरातींत ‘विवाहित, परंतु मूलबाळ नसलेला’ अशी अट उघड लिहिलेली असे. म्हातारपणी हात चालेनासे झाले तर गरीबखान्याची पायरी चढण्यावाचून अनेकांना गत्यंतर नव्हते. ही दुर्दशा पाहूनच १८३९ साली निराधार माळ्यांसाठी एक साहाय्यक संस्था लंडनमध्ये स्थापन झाली, जी आजही चालू आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारकडून आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग पेन्शन १९०९ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीला जाऊन आठ वर्षे होत आली होती.

हे वाचताना मी आमच्या किनाऱ्याचा विचार केल्याशिवाय कशी राहीन? आगराच्या कोपऱ्यात गड्याची खोपी असते, ती त्याने बांधलेली असली तरी जमीन मालकाची असते, आणि मालकाने ‘आता नको’ म्हटले की दोन पिढ्यांचा संसार डोक्यावर घेऊन निघावे लागते, हे आपल्याकडे फार जुने नाही. आज हापूसच्या बागांत मोहोर येण्याच्या सुमारापासून आंबा उतरेपर्यंत नेपाळहून आलेली माणसे बायकामुलांसह राखणीला राहतात. वानरे हाकणे, वणवा लागू न देणे, रात्री बागेत फेऱ्या मारणे ही सगळी कामे ती करतात, आणि पेटीवर बागायतदाराचे नाव छापलेले असते. पेटीवर मालकाचे नाव असण्याला माझी हरकत नाही, कारण जोखीम त्याचीही असते. राखणाऱ्याला पत्र्याच्या खोपटीपेक्षा बरे घर मिळावे, एवढे तरी आपण केले पाहिजे, हे माझे ठाम मत आहे.

इंग्लंडच्या बागांत बायकाही होत्या, पण त्या रोजंदारीवर तण काढणाऱ्या, कमी मजुरीच्या आणि बढतीची वाट बंद असलेल्या. केंटमधल्या स्वॉन्लीच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने १८९१ पासून मुलींना प्रवेश दिला आणि १८९६ मध्ये क्यूच्या सरकारी वनस्पती उद्यानात पहिल्या महिला माळी कामाला लागल्या, तेव्हा ही वाट थोडी उघडली.

माळ्याची किंवा शेतमजुराची स्वतःची म्हणावी अशी बाग म्हणजे झोपडीमागचा तुकडा. त्यात बटाटे, कोबी, कांदे, घेवडा, कुंपणालगत थोडी फुले आणि एका कोपऱ्यात डुक्कर. धन्याच्या बागेतले काम संपवून उन्हाळ्यातल्या लांब संध्याकाळी हे लोक पुन्हा कुदळ हातात घेत, कारण त्या तुकड्यावरच हिवाळ्याचे पोट अवलंबून असे. बटाट्यावर १८४५ मध्ये करपा आला तेव्हा आयर्लंडइतका हाहाकार इंग्लंडात झाला नाही, तरी अशा तुकड्यांवर जगणाऱ्यांना त्याची झळ लागलीच. कुंपणे छाटण्यात नावाजलेला शेतमजूर जोसेफ आर्च याने १८७२ मध्ये वॉरिकशायरमधल्या वेल्सबर्न गावी झाडाखाली सभा घेऊन शेतमजुरांची संघटना उभी केली, आणि १८८७ च्या कायद्याने मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक अधिकाऱ्यांवर आली. गावोगाव फुलांची आणि भाज्यांची प्रदर्शने भरत, त्यांत झोपडीवाल्यांसाठी वेगळी बक्षिसे असत. तिथे मांडलेला कांदा मात्र लावणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने मांडलेला असे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ हे साप्ताहिक १८४१ मध्ये सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत पॅक्स्टन होता आणि उद्यानविद्येचे संपादन जॉन लिंडली हा वनस्पतिशास्त्रज्ञ पाहत असे. या साप्ताहिकात चार्ल्स डार्विन पत्रे लिहीत असे, आणि त्याच साप्ताहिकात आडगावातल्या बागेचा मुख्य माळी आपल्या द्राक्षवेलीला कोणते खत कसे लागू पडले, भट्टीची नळी कुठून फिरवली, पीचची फांदी कोणत्या महिन्यात छाटली, हे खाली आपले नाव आणि बागेचे ठिकाण देऊन लिहीत असे. दुसरा माळी पुढे त्याचे म्हणणे खोडून काढी, तिसरा आपला अनुभव जोडी. अनेक ठिकाणी माळ्यांची स्वतःची अभ्यासमंडळे होती, तिथे तरुण पोरे दिवसभर घाम गाळून आल्यावर निबंध वाचत. जमीन, घर, फळ यांतले काहीच त्यांच्या नावावर नव्हते, पण एखाद्या गोष्टीचा कसा अनुभव आला हे त्यांच्या नावावर नोंदले गेले, आणि म्हणून मी दीडशे वर्षांनी गुहागरात बसून ते वाचू शकते.

कॉर्नवॉलमध्ये हेलिगन नावाची बाग आहे, जी पुढे कित्येक वर्षे रान माजून पडली होती. ती १९९० मध्ये पुन्हा हाती घेतली तेव्हा माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली त्यांची नावे सापडली, आणि खाली ऑगस्ट १९१४ असा महिना व साल. त्याच महिन्यात ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले होते. त्यांतले अनेकजण लढाईवर गेले आणि काही परतलेच नाहीत. माळ्यांच्या फौजा बाळगणाऱ्या त्या बागांचा काळही युद्धानंतर सरला, कारण माणसे उरली नव्हती आणि मजुरी परवडेनाशी झाली होती.

आमच्या आगरात तरुणपणापासून काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, ज्यांना सारी वाडी आबा म्हणते. एका पोफळीवर चढले की ती झुलवून दुसरीवर जायचे आणि जमिनीवर पाय न लावता सुपारीची अख्खी ओळ उतरवायची, हे काम त्यांनी उभे आयुष्य केले. त्यांच्याकडची माहिती कुठल्याही इंग्रज मुख्य माळ्यापेक्षा कमी नाही, परंतु तिचा एक कागदही कोठे नव्हता. म्हणून मी त्यांना विचारून लिहून घ्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा ते म्हणाले, “वहिनी, ह्यात लिहिण्यासारखं काय आहे? हे सगळ्यांना ठाऊक आहे.” सगळ्यांना ठाऊक नाही, हे त्यांच्या नातवाला विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आले.

आतापर्यंत बियाण्याच्या नारळाचे प्रकरण पूर्ण झाले आहे. माड फार तरणा नको आणि फार म्हाताराही नको; दरवर्षी सारखा धरणारा हवा; शेंड्याशी झावळ्या आखूड आणि दाट असाव्यात; नारळ पूर्ण जून झालेला असावा आणि तो खाली टाकू नये, दोरीने उतरवावा; हलवला की आत पाण्याचा आवाज यायला हवा. कोणता माड त्यांनी कोणत्या माडाच्या बियाण्यापासून लावला, हेही ते आगरात हिंडत दाखवतात आणि मी प्रत्येकाची नोंद आगराच्या नकाशावर करत जाते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींशी यातले बरेचसे जुळते. रोपातल्या अंतराबाबत मात्र आबांचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते मी त्यांच्या कारणांसकट तसेच लिहून ठेवले आहे. रहाट होता त्या काळात आगरातले पाट कसे आखत, उतार किती ठेवत आणि कोणत्या ओळीला पाणी आधी सोडत, हे यानंतरचे प्रकरण. ते पावसाळा उलटल्यावर घ्यायचे ठरले आहे, कारण सुपारीवर कोळे रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रणाची फवारणी सध्या चालू आहे आणि ती आबांच्या देखरेखीखालीच व्हावी असा त्यांचा आग्रह आहे.